वायतांगीचा करार आणि संसदेचं बहुमत

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या वरच्या टोकाला मार्लबरो साउंड्स हा खाड्यांनी चिरलेला प्रदेश आहे. शिंपल्यांची शेती हा तिथला मोठा धंदा. त्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या इवींना, म्हणजे माओरी जमातींना, या शेतीचे परवाने मिळेनात. तेव्हा आठ इवी १९९७मध्ये माओरी जमीन न्यायालयात गेल्या आणि त्यांनी मुळालाच हात घातला. किनारपट्टीवरचा आणि समुद्रतळावरचा त्यांचा परंपरागत हक्क संपला कधी आणि कोणत्या कायद्याने? जून २००३मध्ये अपील न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की ब्रिटिशांचं राज्य आलं म्हणून असा हक्क आपोआप बुडत नाही. तो शिल्लक आहे का, हे माओरी जमीन न्यायालयाने पुरावे पाहून ठरवावं. किनारा माओरींचा आहे, असं निकालात कुठेही म्हटलेलं नव्हतं. त्यांना फक्त दाद मागता येणार होती.

तेवढंही सरकारला पेललं नाही. काही दिवसांतच नव्या कायद्याची घोषणा झाली. मे २००४मध्ये हजारो माणसांचा हिकोई, म्हणजे मोर्चा, वेलिंग्टनला संसदेवर धडकला. तारियाना तुरिया यांनी मंत्रिपदावर आणि मजूर पक्षावर पाणी सोडलं आणि माओरी पक्षाचा जन्म झाला. तरीही नोव्हेंबरमध्ये कायदा मंजूर होऊन किनारा सरकारी मालकीचा झाला. ज्यांच्याकडे किनाऱ्याचे खासगी मालकीचे कागद होते, त्यांचे तुकडे मात्र वगळले गेले.

ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यातल्या वायतांगी कराराचा अर्थ काय, यावर न्यूझीलंडमध्ये ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. पण माओरींच्या स्वयंनिर्णयाचं दुखणं अर्थाच्या वादाहून खोल आहे. करार दोघांनी केला आणि तो पाळायचा की नाही, हे त्यांतला एकच पक्ष साध्या बहुमताने ठरवतो. भारतासारखी सर्वोच्च मानली जाणारी एकसंध लिखित राज्यघटना तिथे नाही. संसदेने केलेला कायदा रद्द ठरवण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नाही.

६ फेब्रुवारी १८४०ला वायतांगी इथे ब्रिटिश राणीच्या वतीने विल्यम हॉब्सन यांनी आणि माओरी प्रमुखांनी करारावर सह्या केल्या. पुढच्या काही महिन्यांत देशभरातून ५००हून अधिक प्रमुखांच्या सह्या जमल्या. त्यांतल्या बहुतेकांनी सही केली ती माओरी मसुद्यावर. त्यात राणीला राज्यकारभाराचा अधिकार आणि प्रमुखांकडे आपल्या जमिनी, गावं व ठेव्यांवरची पूर्ण सत्ता, तिनो रांगातिरातांगा, असं लिहिलं होतं. इंग्रजी मसुद्यात मात्र सार्वभौमत्वच राणीला दिल्याचं नमूद होतं. फेब्रुवारी १८४०मध्ये सही करणाऱ्या प्रमुखांनी सार्वभौमत्व सोडलं नव्हतं, असा निष्कर्ष २०१४मध्ये कराराविषयीच्या तक्रारी तपासणाऱ्या वायतांगी न्यायाधिकरणाने नोंदवला. सरकारने तो मानला नाही. मानण्याचं बंधनही त्याच्यावर नव्हतं.

कराराची किंमत किती झपाट्याने घसरली, ते पोरिरुआजवळच्या व्हितिरेयाच्या जमिनीवरून दिसतं. न्गाती तोआ या इवीने १८४८मध्ये ही जमीन शाळेसाठी दिली. सरकारने ती बिशपच्या नावे करून दिली आणि शाळा कधी उभीच राहिली नाही. संसदेत निवडून गेलेले वी पाराता जमीन परत मागायला न्यायालयात गेले. १८७७मध्ये मुख्य न्यायाधीश प्रेंडरगास्ट यांनी त्यांना वाटेला लावलं. सार्वभौमत्व सोपवण्यापुरता वायतांगीचा करार त्यांच्या लेखी शून्यवत होता. पुढे १९४१मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने स्पष्ट केलं, की संसदेने कायद्यात समाविष्ट केल्याशिवाय करारातले हक्क न्यायालयात बजावून घेता येत नाहीत.

हे चित्र पालटलं ते रस्त्यावर उतरलेल्या माणसांमुळे. १९७५मध्ये ७९ वर्षांच्या व्हिना कूपर यांच्या नेतृत्वाखाली माओरी उत्तरेच्या टोकापासून वेलिंग्टनपर्यंत चालत गेले. त्याच वर्षी न्यायाधिकरण स्थापन झालं आणि १९८५मध्ये त्याला थेट १८४०पासूनच्या तक्रारी तपासण्याची मुभा मिळाली. १९८७मध्ये अपील न्यायालयाने सरकार आणि माओरींचं नातं भागीदारीसारखं असल्याचं सांगितलं. तेही शक्य झालं, कारण सरकारी कंपन्यांविषयीच्या कायद्यात कराराच्या तत्त्वांचं कलम संसदेनेच घातलं होतं.

मग भरपाईचे समझोते सुरू झाले. १८६०च्या दशकात दहा लाखांहून अधिक एकर जमीन जप्त झालेल्या वायकातो-ताइनुई यांना १९९५मध्ये १७ कोटी डॉलर आणि राणी एलिझाबेथ यांच्या सहीच्या कायद्यातून माफी मिळाली. गमावलेल्या जमिनीच्या मानाने ही रक्कम तुटपुंजीच. पण त्या भांडवलावर या इवीने हॅमिल्टनमध्ये व्यापारी संकुल आणि रुआकुराचं मालवाहतूक केंद्र उभं केलं. १९८२पासून कोहांगा रेओ या बालशाळांनी भाषा मुलांच्या तोंडी परत आणली. माणसांनी आपला कारभार आपल्या हाती घेतला की काय होतं, ते इथे दिसतं.

२०२२मध्ये आलेलं माओरी आरोग्य प्राधिकरण हे त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल होतं. नव्या आघाडी सरकारने ते मोडीत काढायचं ठरवलं. न्यायाधिकरणाने २९ फेब्रुवारी २०२४ला तातडीची सुनावणी ठेवली होती. सरकारने २७ तारखेलाच विधेयक मांडलं. विधेयक सभागृहात गेलं की न्यायाधिकरणाचा अधिकार संपतो. ती सुनावणी झालीच नाही.

त्याच वर्षी आघाडीतल्या ॲक्ट पक्षाचे नेते डेव्हिड सीमोर यांनी कराराची तत्त्वं नव्याने ठरवणारं विधेयक आणलं. ते स्वतः माओरी वंशाचे आहेत आणि कायद्यापुढे सगळे समान, हा त्यांचा मुद्दा अनेकांना मनापासून पटतो. तो गांभीर्याने घ्यायला हवा. पण समान नागरिकत्वाचं वचन कराराच्या तिसऱ्या कलमात आहेच. दुसऱ्या कलमातलं, तिनो रांगातिरातांगाचं, वचन वेगळं आहे. एक पाळायचं म्हणून दुसरं पुसायचं, हे न्यायाला धरून नाही. शिवाय २००४मध्ये खासगी मालकांचे किनारे वगळताना ही समानता कोणाला आठवली नव्हती.

१४ नोव्हेंबर २०२४ला खासदार हाना-राफिती माइपी-क्लार्क यांनी सभागृहात विधेयकाची प्रत फाडून हाका, म्हणजे माओरींचा पारंपरिक नृत्यघोष, सुरू केला. पाच दिवसांनी संसदेसमोर पोलिसांच्या अंदाजाने ४२ हजार माणसं जमली. जवळपास तीन लाख लेखी निवेदनं आली, त्यांतली सुमारे ९० टक्के विरोधातली. १० एप्रिल २०२५ला विधेयक ११२ विरुद्ध ११ मतांनी पडलं.

विजय मोठा होता, पण तोही बहुमतानेच दिलेला. स्थानिक संस्थांमधले माओरी प्रभाग ठेवायचे का, यावर सर्व मतदारांचा कौल घेण्याची सक्ती २०२४मध्येच झाली होती आणि ऑक्टोबर २०२५मध्ये निम्म्याहून अधिक ठिकाणी कौल विरोधात गेला. ग्रामीण प्रभागांना अशी परीक्षा द्यावी लागत नाही.

यावर उपाय सुचवले गेले आहेत. १९८५मध्ये तेव्हाचे न्यायमंत्री जेफ्री पामर यांनी करार सर्वोच्च कायद्यात घालण्याचा प्रस्ताव मांडला होता. १९९०चा हक्कांचा कायदा आला तो करार वगळून आणि साध्या कायद्याच्या दर्जाचा. २०१६मध्ये मोआना जॅक्सन आणि मार्गारेट मुतू यांच्या पुढाकाराने झालेल्या ‘मातिके माई’ अहवालाने २०४०पर्यंत, म्हणजे कराराच्या द्विशताब्दीपर्यंत, नवी घटनात्मक रचना उभारावी असं सुचवलं. आपल्या हातांना मर्यादा घालून घेणं या संसदेला अपरिचित नाही: मतदानाचं वय किंवा संसदेची मुदत बदलायची तर ७५ टक्के खासदारांची संमती किंवा सार्वमत लागतं. १८६७पासून चालत आलेल्या संसदेतल्या माओरी जागांना हे संरक्षण नाही. त्या साध्या बहुमताने कधीही रद्द होऊ शकतात.