थ्रेड झोपत नाही, तर मुदत वाढवली?

काहून रे, बॅटरी खराब आहे म्हणत होतास ना? साकोलीच्या राईस मिलच्या गोदामात ओलावा मोजायला ठेवलेला तुझा बोर्ड सकाळपर्यंत मरतो, आणि शिव्या बॅटरीवाल्याला! लॉग उघडून पाहिलास? बोर्ड झोपवण्याआधी, म्हणजे सस्पेंड करताना, सगळे टास्क गोठवायचे असतात, पण 20 सेकंदांत एक टास्क गोठला नाही, असं लिनक्स रोज रात्री ओरडून सांगतंय. तो टास्क म्हणजे तुझ्याच ड्रायव्हरचा केथ्रेड, कर्नल थ्रेड. त्याच्यापायी सस्पेंड रद्द होतं, गोठलेले बाकीचे पुन्हा उठतात आणि बोर्ड रात्रभर टक्क जागा.

त्यावर तुझा इलाज काय? पीएम-फ्रीझ-टाइमआउट 20000 मिलिसेकंदांवरून 60000! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. सेट-फ्रीझेबल लिहिलंस, पण लूपमध्ये ट्राय-टू-फ्रीझ कुठाय? कर्नल थ्रेडला कोणी मानगुटीला धरून गोठवत नाही, त्यानं आपणहून थांबायचं असतं. तासभराची मुदत दिलीस तरी तो थांबायचा नाही.

खरी चीड पुढची. मुदत वाढवूनही जमेना, तर सेट-फ्रीझेबलची ओळच खोडून ‘सर, एरर गेला’ म्हणत आलास! जाईल नाही तर काय. 2007 पासून, म्हणजे 2.6.23 पासून, कर्नल थ्रेड मुळात न गोठणारेच असतात. सेट-फ्रीझेबलनं आपण होऊन नाव नोंदवलं तरच टास्क गोठवणारा फ्रीझर त्यांच्याकडे बघतो. तू नाव कापलंस. आता बाकी सगळे गोठल्यावर तुझा थ्रेड एकटा सेन्सर वाचायला जातो, तोही निजलेल्या आय-टू-सी बसवर. ‘ट्रान्सफर व्हाइल सस्पेंडेड’ ही ओळ लॉगमध्ये दिसली नाही, की बघायचीच नव्हती? नशीब, तो फक्त वाचतो. हायबरनेशनची इमेज घेतल्यावर डिस्कवर लिहिणारा असता, तर फाइलसिस्टिमचं वाटोळं झालं असतं.

आणि आता घाईघाईत ट्राय-टू-फ्रीझ वाटेल तिथे कोंबू नकोस! म्यूटेक्स धरून थ्रेड गोठला, तर तुझ्याच ड्रायव्हरचा सस्पेंड कॉलबॅक त्या म्यूटेक्ससाठी ताटकळत बसेल, आणि थ्रेड तर मशीन उठल्याशिवाय उठणार नाही. लूपच्या तोंडाशी, हात मोकळे असताना थांबायचं. लूपमधला 30 सेकंदांचा एम-स्लीपही काढ. फ्रीझरनं हलवलं तरी थ्रेड त्यातून मध्येच उठत नाही, आणि 20 सेकंद तिथेच संपतात.

खरं तर एवढ्याशा मोजणीला स्वतंत्र थ्रेड हवाच कशाला? फ्रीझेबल वर्कक्यूवर डिलेड वर्क टाकलं असतंस, तर ही भानगडच झाली नसती. पण वर्कक्यूचा धडा वाचायचा कंटाळा!

गुरुवारी प्रॅक्टिकलला बोर्ड माझ्यासमोर दहादा झोपवून उठवायचा. टाइमआउट 20000 वर. आणि लॉग मी वाचणार, तू नाही.