वेच्यांची कलाकृती आणि श्रोत्यांचा मतभेद

दुसऱ्यांच्या गाण्यांचे तुकडे जोडून जे सिद्ध होते त्यास कलाकृती म्हणावे किंवा नाही, या प्रश्नाची चर्चा आता पुरेशी झाली आहे. तिच्या आड एक अधिक अडचणीचा प्रश्न राहून जातो. अशी जोडणी ऐकून श्रोता जेव्हा 'हे चांगले' किंवा 'हे वाईट' असे म्हणतो, तेव्हा तो कोणाच्या वतीने बोलत असतो? स्वतःच्या आनंदाच्या, जोडणाऱ्याच्या कौशल्याच्या, की मोडल्या गेलेल्या मूळ गाण्याच्या? हा प्रश्न नैतिक आहे. तो केवळ अभिरुचीचा मानल्यामुळे यासंबंधीचे वाद बहुधा निष्फळ ठरले आहेत.

बेल्जियममधील गेंट येथील डेव्हिड आणि स्टीफन डेवाले या बंधूंनी 'टू मेनी डीजेज' या नावाने २००२ मध्ये 'ॲज हर्ड ऑन रेडिओ सोलवॅक्स, पार्ट टू' ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. सुमारे तासाभरात तीत चाळीसहून अधिक गाणी येऊन जातात. रॉक, डिस्को, रॅप, इलेक्ट्रॉनिक संगीत असा कोणताच प्रकार वर्ज्य नाही. एका गाण्याचा ठेका दुसऱ्याच्या गळ्याखाली ठेवलेला असतो. तिच्यासंबंधीची मते प्रथमपासून दुभंगलेली आहेत. काहींना ती मुक्तीसारखी वाटली. काहींना गाणे रंगण्यापूर्वीच तोडणारी. आणि काहींना समारंभापुरती गमतीची, दुसऱ्यांदा ऐकताना पोकळ.

मर्ढेकरांच्या लयतत्त्वाचा येथे उपयोग होतो. संवाद, विरोध आणि समतोल ही त्यांनी सांगितलेली लयीची तत्त्वे कलाकृतीच्या घटकांमधील संबंधांना लागू होतात. ते घटक श्रोत्याला घटक म्हणून ओळखू येतात, हे त्यांत गृहीत आहे. प्रस्तुत ध्वनिमुद्रिकेत हे गृहीतकच डळमळते. 'द स्टूजेस'च्या 'नो फन' (१९६९) या गाण्याच्या गिटारीवर 'सॉल्ट-एन-पेपा'च्या 'पुश इट' (१९८७) मधील स्त्रियांचे आवाज बसवले आहेत. ज्याला दोन्ही गाणी ठाऊक आहेत त्याला तरुण पुरुषांचा कंटाळा आणि स्त्रियांचे उघड आवाहन यांतील विरोधलय जाणवते, आणि ती खरोखर उत्तम साधली आहे. ज्याला एकही ठाऊक नाही त्याला एक दणकट ठेका ऐकू येतो; त्याच्या दृष्टीने तेथे विरोध नाही, संवादच आहे. दोघांचे मत भिन्न आहे असे आपण म्हणतो. वस्तुतः दोघांनी ऐकलेली वस्तूच भिन्न आहे. लेखकाच्या मृत्यूची घोषणा करणाऱ्या १९६७ च्या निबंधात रोलां बार्थ यांनी अवतरणांचे सगळे धागे जेथे एकत्र येतात ते स्थळ म्हणजे वाचक, असे मांडले. परंतु त्यांच्या त्या वाचकाला ना इतिहास आहे ना चरित्र. आपल्यापुढचा श्रोता मात्र इतिहास घेऊनच येतो, आणि मतभेद तेथेच उत्पन्न होतो.

मग मूळ गाण्यावर अन्याय होतो काय? डॉली पार्टन यांचे 'नाइन टू फाइव्ह' हे १९८० चे, त्याच नावाच्या चित्रपटाचे गाणे घ्या. कचेरीत राबणाऱ्या स्त्रीचे श्रम आणि बुद्धी दुसरे वापरतात, श्रेय मात्र तिला मिळत नाही, ही त्यातील तक्रार. डेवाले बंधूंनी हे गाणे 'रॉयक्सॉप' या नॉर्वेजियन जोडीच्या 'एपल' या वाद्यरचनेशी जोडले. परिणाम मोठा गोड आहे, आणि या गोडव्यातच तक्रार विरून जाते. मूळ चालही आनंदीच होती, असा आक्षेप कोणी घेईल. पण तेथे आनंदी चाल तक्रारीला धार देत होती. येथे ती धार राहत नाही. श्रेय हिरावले जाण्याबद्दलचे गाणे स्वतःच दुसऱ्याच्या कर्तृत्वाचा भाग व्हावे, हा योगायोग जोडणाऱ्यांच्या ध्यानात आला होता की नाही, हे ध्वनिमुद्रिकेवरून कळत नाही. या एका जोडणीपुरते मी नाराज श्रोत्यांच्या बाजूचा आहे.

सरसकट त्यांच्या बाजूचा मात्र होता येत नाही, कारण वेचे काढण्याची रीत आपल्याला परकी नाही. परशुरामतात्या गोडबोले यांच्या 'नवनीता'ने (१८५४) आख्यानांतून वेचे काढले, आणि अनेकांना मोरोपंत भेटला तो त्यातूनच. कीर्तनकारही अभंग, आर्या, श्लोक, साकी एकाच निरूपणात ओवतो. भेद एवढाच की अभंगाच्या अखेरीस 'तुका म्हणे' असते; वेचा कितीही दूर नेला तरी नाममुद्रा सोबत जाते. डीजेच्या जोडणीत नाव पाकिटावर राहते आणि मुद्रेचे काम केवळ आवाजाने करायचे असते. तो आवाज ओळखणारा श्रोता असेल तरच ते घडते.

दुसरी बाब अनुमतीची. डेवाले बंधूंच्या हिशोबानुसार एकूण १८७ गाण्यांसाठी परवानगी मागितली गेली. ११४ ना मिळाली, ६२ ना नाकारली गेली आणि ११ गाण्यांचे स्वामी सापडलेच नाहीत.  म्हणजे 'हे येथे का?' या श्रोत्याच्या प्रश्नाचे उत्तर कधी रचनेत असेल, तर कधी एखाद्या कंपनीच्या नकारात. जे दिलखुलास स्वैरपण म्हणून वाखाणले गेले आणि जे मनमानी म्हणून निंदले गेले, त्या दोहोंमागे पत्रव्यवहार आहे. आपण हेतूची स्तुतिनिंदा करीत असतो, आणि हेतू अंशतःच जोडणाऱ्याचा असतो. शिवाय अनुमती विचारली गेली ती ध्वनिमुद्रण कंपन्यांना. क्षेमेंद्राने ज्याला औचित्य म्हटले ते अशा पत्राने मिळत नाही. 'नाइन टू फाइव्ह'ची अनुमती होती, औचित्य नव्हते. उलट, नाकारल्या गेलेल्या ६२ पैकी एखादी जोडणी सर्वांत उचित ठरली असती, हेही शक्य आहे.

एम.ए.च्या वर्गात ही ध्वनिमुद्रिका मी एकदा लावली होती. मूळ गाण्यांपैकी एकही कोणाला माहीत नव्हते, आणि सर्वाधिक आवडली ती नेमकी पार्टन यांचा आवाज असलेली जोडणी. पुढच्या तासाला एक विद्यार्थिनी मूळ गाणे शब्दांसह ऐकून आली. जोडणी तिला अजूनही आवडत होती. पण ती आवडते असे सांगताना आता तिला संकोच वाटत होता. इतरांना हा संकोच अनाठायी वाटला. त्यांनी मूळ गाणे ऐकले नव्हते, आणि ते ऐकायलाच हवे असे त्यांना सांगण्याचा अधिकार मला आहे काय, यावर तो तास संपला.