विजेची सायकल आणि शेजारधर्म

श्रम टाळणे आणि श्रम वाचवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. व्यवहारात मात्र त्यांतील सीमारेषा पुसट असते. यवतमाळहून बारा किलोमीटरवरील एका गावी शिकवायला जाणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या गुरुजींनी विजेची सायकल घेण्याचा मनोदय सांगितला आणि पाठोपाठ विचारले, "फादर, पायांचे काम विजेकडून करून घेणे हा आळस तर नव्हे?"

आळसाचा मुद्दा लवकर निकालात काढता येतो. या सायकलला पायडल असतेच. मोटर केवळ हात देते. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला असता बारा किलोमीटरचा चढउतार ओलांडून वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसाला कोणी आळशी म्हणू नये. खर्च मात्र विचार करायला लावतो. साधारण तीस हजार रुपये म्हणजे 2025-26 च्या हमीभावाने जवळजवळ चार क्विंटल कापूस. आमच्या जिल्ह्यात कोणत्याही वस्तूचे मोल कापसात मोजल्याखेरीज नीट उमगत नाही.

एकेकाळी धर्मगुरू असलेले विचारवंत इव्हान इलिच यांनी 1974 साली 'एनर्जी अँड इक्विटी' या पुस्तकात एक विलक्षण विधान मांडले. वाहनांचा वेग ताशी पंधरा मैलांपलीकडे, म्हणजे सुमारे चोवीस किलोमीटरपलीकडे गेला की समाजात वेळेची टंचाई सुरू होते. वेगवान माणूस जो वेळ वाचवतो तो मंदगती माणसाच्या पदरातून जातो. योगायोग असा की आपल्या नियमांनुसार 250 वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी 25 किलोमीटरपर्यंतचा वेग असलेल्या सायकलला परवाना वा नोंदणी लागत नाही. सायकलला मोटर जोडणे इलिच यांना रुचले असते असे मला वाटत नाही. पण त्यांनी यवतमाळचा मे महिना पाहिला नव्हता!

आता विजेकडे वळू. जाऊन-येऊन चोवीस किलोमीटरांना सुमारे पाव युनिट वीज पुरते. ती बव्हंशी कोळशाची. दिवसाला दीड-दोनशे ग्रॅम कोळसा जळतो, एवढेच. पण वणी तालुक्यातील कोळशाच्या खाणी आपल्याच जिल्ह्यात आहेत, आणि ज्यांच्या कपाशीवर ती काळी धूळ बसते त्यांच्या दारी ही सायकल आलेली नाही. तरीही मोटारसायकलच्या अर्ध्या लिटर पेट्रोलशी तुलना केली तर धूर चौथ्या हिश्श्यावर येतो. निकामी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी 2022 च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. तालुक्याच्या गावी ती भंगारवाल्याकडेच जाण्याची शक्यता अधिक.

म्हणजे निर्णय वस्तूवर नव्हे, ती कशाची जागा घेते यावर अवलंबून आहे. मोटारसायकल सुटत असेल तर सायकल खुशाल घ्यावी. पण गुरुजी आज एस.टी.ने जातात! माझे मन अडते ते येथे. एक नियमित प्रवासी कमी झाल्याने गाडी थांबत नाही हे खरे. परंतु शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक असे पगारदार एकेक करून थांब्यावरून नाहीसे झाले की त्या फेरीसाठी आग्रह धरणारा आवाजही नाहीसा होतो. उरतात त्या पासवर शाळेला जाणाऱ्या मुली, अर्ध्या तिकिटावर बाजाराला येणाऱ्या बाया आणि पंचाहत्तरी ओलांडलेले म्हातारे. ऑक्टोबर 2021 अखेर सुरू झालेला आणि एप्रिल 2022 पर्यंत लांबलेला एस.टी.चा संप आठवावा. ज्यांच्यापाशी स्वतःचे वाहन होते त्यांची गैरसोय झाली. ज्यांच्यापाशी नव्हते त्यांची शाळाच सुटली, दवाखाना राहिला.

असे असूनही गुरुजींनी सायकल घेऊ नये, असे मी म्हणणार नाही. सकाळची गाडी शाळेच्या वेळेशी जुळत नाही, आणि संध्याकाळी थांब्यावर तासभर जातो; हा तास त्यांच्या आजारी आईचा आहे. कारण पुरेसे आहे. मात्र गाडीची वेळ बदलून मिळावी म्हणून गावकरी आगारप्रमुखांकडे जो अर्ज नेतील, त्यावर सायकल घेतल्यानंतरही गुरुजींची सही असावी, आणि तीही पहिल्या पाचांत.