हरवलेला मंगळवार

होनोलुलूहून ऑकलंडकडे निघालेल्या आमच्या जहाजावर सोमवारीं दुपारीं प्रत्येक खोलींत एक चिठ्ठी आली: आज रात्रीं निजलेल्या उतारूंनीं सकाळीं बुधवार समजून उठावें. सहप्रवाशांना याची मोठी मौज वाटली. आम्ही मात्र विचारांत पडलों. कारण त्या मंगळवारीं आमच्या वडिलांची तिथि होती. जो दिवस उगवणारच नाहीं, त्याचें कर्तव्य करावयाचें केव्हां?

पश्चिमेस जाणाऱ्या जहाजावर दर पंधरा अंशांस घड्याळ एक तास मागें घ्यावें लागतें. उतारू तो तास फुकटची झोंप म्हणून पदरांत पाडून घेतो. पुऱ्या पृथ्वीप्रदक्षिणेंत असे चोवीस तास होतात, आणि ते १८० व्या रेखांशाच्या आसपास एका दमांत परत द्यावे लागतात. मॅगेलनच्या तांड्यांतील उरलेले लोक १५२२ च्या जुलैंत केप व्हर्द बेटांस पोंचले, तेव्हां पिगाफेट्टाच्या रोजनिशींत बुधवार होता व किनाऱ्यावर गुरुवार. आणि त्यानें तर एकहि दिवस लिहावयाचा सोडला नव्हता! म्हणजे परतीच्या वाटेवर शुक्रवार म्हणून त्यांनीं जो पाळला असेल, तो किनाऱ्यावरचा शनिवार. तें व्रत फुकट गेलें काय? आम्हांस तसें म्हणवत नाहीं.

पण वार हा केवळ मनुष्यांचा करार, असें म्हणूनहि सुटतां येत नाहीं. सामोआनें १८९२ सालीं ४ जुलै दोनदां मोजली आणि २०११ सालीं ३० डिसेंबर गाळून टाकला. त्या गाळलेल्या दिवसाबरोबर कोणाचें देणें बुडालें, असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं.

आमचें पंचांग या बाबतींत अधिक सावध आहे. त्यांत क्षयतिथि असते. तिला सूर्योदय लाभत नाहीं, परंतु ती घडून जाते. सूर्यचंद्रांतील अंतर बारा अंशांनीं वाढावयास लागणारा काळ ती तिथि, आणि तो काळ पुण्यास व पॅसिफिकवर एकच. हरवला होता तो वार, तिथि नव्हे. धाकटे बंधु पुण्यास मंगळवारीं दुपारीं श्राद्धास बसतील, तेव्हां जहाजावर सोमवार रात्रीच्या नवाचा सुमार असेल. त्या वेळीं आम्ही पत्त्यांच्या टेबलाशीं असावयाचे होतों. चौथा भिडू म्हणून शब्द देऊन बसलों होतों.

खरें सांगावयाचें तर, चिठ्ठी वाचतांच मनांत प्रथम आला तो विषाद नव्हे, सुटल्याचा आनंद होता. बारा वर्षें न चुकतां केलेलें कर्म. आणि नकाशावरील एका रेघेनें सुट्टी देतांच मन शाळेंतल्या पोरासारखें उड्या मारूं लागलें! आम्हीं कालगणनेचा एवढा खल आरंभिला तो बहुधा ती लाज झांकण्यासाठींच.

नऊ वाजतां भिडूंची क्षमा मागून डेकवर गेलों. तीळ नव्हते, दर्भ नव्हता. हातांत पाण्याचा पेला तेवढा होता. दक्षिण कोणती हेंहि एका खलाशाला विचारावें लागलें. तो गोव्याचा होता. त्यानें हात करून दिशा दाखविली, आणि कारण न विचारतां टोपी काढून बाजूस उभा राहिला.