ओला दुष्काळ आणि इंग्रजीचा पेपर

दिवाळीच्या सुमारास भंडारा जिल्ह्यात हलका धान कापणीला येतो. कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत वाळत पडलेल्या असतात. नेमका तेव्हाच पाऊस आला आणि दोन-चार दिवस हटला नाही, तर लोंब्यांना कोंब फुटतात. कोंब एरवी शुभ. इथे तो फुटला की दाणा हातचा गेला. बांधीत पाणी, कडपांवर हिरवे अंकुर आणि घरात येणार काहीच नाही. या अवस्थेला आपल्या माणसांनी दोन शब्दांत नाव दिलं आहे : ओला दुष्काळ. केंद्र सरकारच्या 2016च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत ही संज्ञा नाही. तिथे दुष्काळ म्हणजे पावसाची तूट. पण लाखांदूरच्या किंवा पवनीच्या शेतकऱ्याला हे दोन शब्द शेजारी शेजारी कसे बसले, ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

त्याच शेतकऱ्याची मुलगी बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात ‘ऑक्सिमोरॉन’पाशी अडते, ही गोष्ट मला फार लागते. उत्तर तिला पाठ असतं : दोन विरुद्धार्थी शब्द एकत्र आले आहेत, म्हणून ऑक्सिमोरॉन. नाव बरोबर येतं, गुणही मिळतात. कवीला असा विरोध का करावा लागला आणि तो सुटतो कुठे, हे मात्र तिला कुणी विचारलेलंच नसतं.

इंग्रजी अलंकारशास्त्र या विरोधाची वाटणी मुख्यतः रचनेवरून करतं. दोनच शब्दांत टक्कर झाली तर ऑक्सिमोरॉन : ‘ओपन सिक्रेट’, ‘डेफनिंग सायलेन्स’. सबंध विधानच स्वतःला खोडून काढतं आहे असं वाटलं, तर पॅराडॉक्स. वर्डस्वर्थने 1802 साली एका छोट्या कवितेत बालकाला प्रौढ माणसाचा बाप ठरवलं, ते असं विधान. वयाच्या हिशेबाने ते अशक्य आहे. पण माणसाचा स्वभाव बालपणातून जन्मतो हे ध्यानात आलं की गाठ सुटते. मुलं गोंधळतात ती तिसऱ्या प्रकारापाशी, अँटिथिसिसपाशी. 1969 साली चंद्रावर उतरताना नील आर्मस्ट्राँगने एका माणसाचं छोटं पाऊल आणि मानवजातीची मोठी झेप एका वाक्यात समोरासमोर ठेवली. शब्द विरुद्ध आहेत, पण भांडण कसलंच नाही. पाऊल एकाचं, झेप सगळ्यांची. दोन्ही सरळ खरं. म्हणून शब्द विरुद्ध आहेत का, एवढंच पाहून भागत नाही. ते एकाच गोष्टीविषयी, एकाच अर्थाने बोलताहेत का, हे आधी पाहायला हवं.

आपल्याकडच्या शास्त्राने वाटणी निराळी केली, आणि ती मला अधिक खोल वाटते. अकराव्या शतकातल्या मम्मटाचा ‘काव्यप्रकाश’ विरोध हा अलंकार सांगतोच, पण कार्य आणि कारण यांची ताटातूट झाली तर तिलाही वेगवेगळी नावं देतो. कारणाशिवाय कार्य घडलं तर विभावना. कारण हजर असून कार्य घडलं नाही तर विशेषोक्ती. कारण एका ठिकाणी आणि परिणाम भलत्याच ठिकाणी, तर असंगती. ही नावं भंडाऱ्याच्या मुलांना वैनगंगेच्या काठावर उभं राहून शिकता येतील. ऑगस्ट 2020च्या अखेरीस मध्य प्रदेशात धो-धो पाऊस पडला, तिकडच्या धरणांतून पाणी सुटलं आणि भंडारा शहरातल्या वस्त्या बुडाल्या. भूगोलाला यात नवल नाही. पण मेघ एकीकडे बरसले आणि छप्परं दुसरीकडे वाहून गेली, असं कवीने मांडलं की ती असंगती. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन 1988 साली झालं. धरणात पाणी साठलं, कालवे मात्र वर्षानुवर्षं रेंगाळले. भरलेल्या धरणाजवळची कोरडी बांधी म्हणजे विशेषोक्तीच.

विरोधी शब्द जोडले की काव्य झालं, असंही नाही. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या पहिल्या अंकात रोमिओ रोझलाइनच्या नावाने उसासे टाकत असल्या जोड्यांची रास घालतो. ते प्रेमही पुस्तकी आणि ते विरोधही. पुढे ज्युलिएट सज्जातून निरोप घेताना विरहाच्या दुःखाला गोड म्हणते, तेव्हा मात्र ते दोन शब्द वेगळे करता येत नाहीत, कारण तिला दोन्ही एकाच क्षणी जाणवतं आहे. क्लिअँथ ब्रुक्स या अमेरिकन समीक्षकाने 1947च्या ‘द वेल रॉट अर्न’मध्ये विरोधाभास हीच कवितेची भाषा, असं म्हटलं. मराठी वाचकाला ते नवं वाटू नये. मुक्ताबाईंची मुंगी सूर्य गिळते. ज्या मुकुंदराजांच्या शके 1110च्या ‘विवेकसिंधू’शी वैनगंगेवरच्या अंभोऱ्याचं नाव जोडलं जातं, त्यांच्या अद्वैताला तर निराकाराविषयी साकार शब्दांतच बोलावं लागतं.

आणि म्हणूनच हे शिक्षण पेपरापुरतं ठेवणं मला धोक्याचं वाटतं. विरोध कधी उघडं करतो, कधी झाकतो. आपल्याच सैन्याच्या गोळीने आपलाच जवान मेला, की त्याला ‘फ्रेंडली फायर’ म्हणतात. अर्थव्यवस्था आक्रसली, की ‘निगेटिव्ह ग्रोथ’. घट म्हटलं असतं तर कुणीही जाब विचारला असता. वाढीच्या आड ती खपून जाते. ‘ओला दुष्काळ’ची रचना हीच, दोन शब्दांची, पण तिचं काम नेमकं उलट आहे. चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी, तूट पडली तर दुष्काळ, अशा मोजमापांच्या फटीत कोंब फुटलेली कडप सापडत नाही. ती या दोन शब्दांत सापडते. पवनीच्या वर्गात ‘फ्रेंडली फायर’ आणि ‘ओला दुष्काळ’ फळ्यावर एकाखाली एक लिहावेत आणि मुलांना विचारावं : यातला कोणता शब्द कुणी घडवला, आणि तो कुणाच्या कामी येतो?