पोच मागायची लाज



काही वर्षांपूर्वीची, एप्रिल महिन्यातील गोष्ट आहे. धानाची मळणी कधीच आटोपली होती. मिरची तोडायला तेलंगणात गेलेली माणसे परतली होती. मोह वेचून झाला होता आणि तेंदूपत्त्याला अजून अवकाश होता. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गावांत अशा दिवसांत हाताला काहीच काम नसते, हे आपणास ठाऊक आहेच. रविवारची मिस्सा संपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक मावशी रोजगार हमीचा कागद घेऊन आल्या. नमुना क्रमांक ४, म्हणजे कामाच्या मागणीचा अर्ज. "एवढा भरून द्या जी, फादर." आम्ही भरला, त्यांनी अंगठा उठवला. जाताना आम्ही बजावले, "मावशी, तारीख टाकलेली पोच घेतल्याशिवाय परतू नका."

पुढच्या रविवारी विचारले, तर पोच नव्हती. "मागू कशी जी? पोरगा गावचाच आहे. त्याले राग येते."

तीन आठवडे काम निघाले नाही. आम्ही म्हटले, पोच असती तर बेकारी भत्ता मागता आला असता. त्या चमकल्या. "काम न करता पैसे घेऊ? मी का भिकारीन आहो जी?"

त्या दिवशी आम्ही त्यांना धर्मग्रामाच्या साठ्यातून तांदूळ दिले. त्यांनी ते घेतले, हात जोडले, आणि आम्हालाही बरे वाटले. ते बरे वाटणेच आम्हाला पुढे बरेच दिवस खुपत राहिले.

कारण पाहा. तांदूळ ही आमची मर्जी होती. दिले नसते तर कोणी जाब विचारला नसता. भत्ता मात्र कायद्याने त्यांचा होता. मग मर्जीने मिळालेले घेताना संकोच नाही आणि हक्काचे मागताना भिकारी झाल्यासारखे वाटावे, हे उलटे कसे झाले? आम्हाला वाटते, देणाऱ्याला चेहरा असला की आभार मानून माणूस मोकळा होतो. कागदाचे आभार मानता येत नाहीत. त्यावर फक्त "मला काम नाही" असे लिहून खाली अंगठा द्यावा लागतो. आणि आम्हा देणाऱ्यांचेही एक गुपित आहे: ज्याचे कोणी आभार मानत नाही, असे देणे आम्हाला फारसे आवडत नाही.

इंग्लंडमध्ये १९११ च्या कायद्याने बेकारीचा विमा सुरू झाला. पुढे तिथले लोक बेकारांना मिळणाऱ्या पैशाला 'डोल' म्हणू लागले. आज हा शब्द खैरातीसारखा ऐकू येतो, पण जुन्या इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ होता 'वाटा'. वाट्याची खैरात झाली ती शब्दात, आणि मनातही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्सर्चेन्स' या परिपत्रकात बेकारांना निर्वाहापुरते देणे हे कर्तव्य मानले आहे. त्याचे कारण त्यांनी दिले ते असे की, सृष्टीतील वस्तू मुळात सर्वांच्या उपयोगासाठी आहेत. म्हणजे पुन्हा वाटाच.

इथे कोणी संत पौलाची आठवण करून देईल: थेस्सलनीकाकरांना त्याने काम न करणाऱ्याने खाऊही नये असे बजावले नव्हते काय? बजावले होते, पण त्याचा रोख काम करण्याची इच्छा नसलेल्यांवर आहे, काम न मिळालेल्यांवर नाही. मळ्याच्या दाखल्यातला धनी संध्याकाळी बाजारात उभ्या असलेल्यांना विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे? ते सांगतात, कोणी कामावर लावलेच नाही. धनी त्यांच्याकडे पुरावा मागत नाही. (पुरे नाणे मिळाल्यावर कुरकुर केली ती सकाळपासून राबलेल्यांनी. गावात भत्ता घेणाऱ्याला 'फुकट्या' म्हणणारेही बहुधा शेजारीच असतात.)

शिवाय आपल्याकडचा भत्ता आयत्या बसलेल्याला मिळत नाही. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूरला ज्या योजनेचा प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात जी राज्यभर पसरली आणि २६ जानेवारी १९७९ पासून जिला कायद्याचे बळ आले, तिचा पायाच कामाची मागणी हा होता. २००५ च्या केंद्रीय कायद्यातही तेच. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचे. नाही दिले तर वर्षातल्या पहिल्या तीस दिवसांसाठी मजुरीच्या निदान चौथा हिस्सा आणि पुढे निदान निम्मा भत्ता, तोही राज्य सरकारने आपल्या पदरचा. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याजागी नवा कायदा संमत केला, शंभराचे सव्वाशे दिवस केले. पंधरा दिवसांनंतरच्या भत्त्याची तरतूद त्यातही आहे. तेव्हा भत्त्याचा अर्ज करणाऱ्याने आधी कामाचा अर्ज केलेला असतोच. इच्छेचा याहून वेगळा पुरावा कोणता हवा?

आणि ते पंधरा दिवस पोचेवरच्या तारखेपासून मोजायचे असतात. तारीख नसेल तर पहिला दिवस उजाडतच नाही. भत्ता द्यावा लागला तर वर जाब द्यावा लागतो, म्हणून कोरी पोच किंवा तोंडी होकार सर्वांच्याच सोयीचा ठरतो. तो रोजगार सेवक वाईट मुलगा होता असे आम्ही म्हणणार नाही. त्याचेही मानधन वेळेवर येत नव्हते. पण भिडेपोटी आपण जे मागत नाही, त्याचा भार उपाशी राहणारावर पडतो. ही भीड सद्गुण आहे काय? आम्हाला पूर्वी तसे वाटे.

मेमध्ये तेंदूपत्त्याचे दिवस संपल्यावर आम्ही मावशींबरोबर ग्रामपंचायतीत गेलो. बोललो काहीच नाही, बाकावर बसून राहिलो. अर्ज त्यांनीच पुढे केला आणि बऱ्याच वेळाने हळूच म्हणाल्या, "बाबू, तारीख टाक ना जी." त्याने टाकली. रागावला नाही.

बाराव्या दिवशी बोडी खोल करण्याचे काम निघाले. भत्त्याची वेळ आली नाही. आली असती तर घेतला असता का, असे आम्ही त्यांना एकदा विचारले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आधी पाऊस पडू द्या, फादर."