नीलमाची अंगठी : भेट की परतफेड?

वस्तू देणे सोपे असते. देताना आपण नेमके काय देत आहोत, हे ओळखणे कठीण. संन्याशाला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याच्यापाशी देण्यासारखे काही उरलेलेच नसते. गृहस्थाला मात्र नित्य द्यावे-घ्यावे लागते. लेकीला साडी, अधिकात जावयाला अनारसे, कीर्तनकाराला बिदागी, आणि अलीकडे लग्नाच्या वाढदिवशी पत्नीला भेट. ही शेवटची रीत आमच्या लहानपणी नव्हती. नवी आहे एवढ्यावरून तिला वाईट म्हणण्याचे कारण नाही. पण रीत नवी असली तरी तिच्या पोटातला प्रश्न जुनाच आहे, आणि त्याचा विचार आपल्या शास्त्रांनी पुष्कळ करून ठेवला आहे.

मागे एका गावी सप्ताहातले कीर्तन आटोपल्यावर एक वारकरी गृहस्थ मागे थांबले. म्हणाले, "महाराज, येत्या महिन्यात आमच्या लग्नाला ४५ वर्षे होतात. घरच्यांना नीलमाची अंगठी करावी असे मनात आहे. मुलगा म्हणतो, ४५ वे वर्ष नीलमाचेच असते. सराफ म्हणतो, खडा चोख आहे. जोशी म्हणतात, शनीचे रत्न आहे, लाभले तर लाभले, नाही तर घर बसेल. आता तुम्ही सांगाल तसे." आम्ही विचारले, "त्या बाई स्वतः काय म्हणतात?" गृहस्थ म्हणाले, "तिला अजून सांगितलेच नाही!"

पाहा बरे. अंगठी ज्या बोटात जायची, त्या बोटाच्या धनिणीला सोडून तिघांचा सल्ला घेऊन झाला, आणि चौथे आम्ही. तरी प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून त्या तिघांचे म्हणणे एकेक करून पाहू.

प्रथम मुलाचे. रौप्यमहोत्सव २५ वर्षांचा आणि सुवर्णमहोत्सव ५० वर्षांचा, ही गणना युरोपातून आपल्याकडे आली व रुळली. ४५ व्या वर्षाला नीलम जोडला गेला तो १९३७ साली अमेरिकेतील जवाहिऱ्यांच्या संघाने केलेल्या यादीत. म्हणजे कोणत्या वर्षी कोणती वस्तू घ्यावी, हे ती वस्तू विकणाऱ्यांनीच सांगितले! यात पाप काही नाही, तो त्यांचा व्यवहार. पण व्यवहाराला विधी समजू नये. संध्या चुकली तर प्रायश्चित्त आहे. ४५ व्या वर्षी नीलम चुकला तर काहीच नाही. हौस असेल तर घ्यावा, आणि हौस म्हणूनच घ्यावा.

आता जोशांचे. नीलमाला आपल्याकडे इंद्रनील म्हणतात. गरुडपुराणात त्याच्या परीक्षेचा स्वतंत्र अध्याय आहे. बल नावाच्या असुराचे नेत्र सिंहलद्वीपात पडले आणि त्यांचे इंद्रनील झाले, अशी कथा तेथे येते. त्या सिंहलद्वीपात, म्हणजे श्रीलंकेत, रत्नपुरा नावाचे गाव आजही नीलमासाठी प्रसिद्ध आहे. नवग्रहांच्या रत्नांत तो शनीला दिलेला आहे. म्हणून लोक तीन रात्री खडा उशाखाली ठेवून पाहतात, आणि तेवढ्यात काही बिघडले तर तो परत करतात.

ज्योतिषाशी आमचे भांडण नाही. पण न्यायशास्त्राच्या चार ओळी गुरुजींनी आमच्याकडून घोकून घेतल्या आहेत, त्या येथे आठवतात. कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एक गाठ पडली, म्हणून कावळ्याने फळ पाडले असे होत नाही. यास काकतालीय न्याय म्हणतात. अहो, भरल्या घरात तीन दिवसांत कोणाला ताप येत नाही, की दूध नासत नाही, की दोन शब्द वर-खाली होत नाहीत? खडा उशाशी नसता तर त्याच गोष्टी आपण विसरून गेलो असतो.

कार्यकारण ठरवायचे तर अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही पाहावे लागतात. कारण असेल तेथे कार्य असावे, कारण नसेल तेथे कार्य नसावे. एक जगजाहीर दाखला घेऊ. १९८१ साली इंग्लंडचे तेव्हाचे युवराज, आताचे राजे चार्ल्स, यांच्या वाङ्निश्चयात डायना यांच्या बोटात सिंहली नीलमाची अंगठी आली. १९९६ साली त्यांचा घटस्फोट झाला आणि १९९७ साली डायना अपघातात गेल्या. कोणीही म्हणेल, बघा, नीलम बाधला! पण तीच अंगठी २०१० साली त्यांच्या थोरल्या मुलाने आपल्या वाग्दत्त वधूला दिली. २०११ साली लग्न झाले, मुलेबाळे झाली. खडा तोच, घरे दोन, गोष्टी निराळ्या. मग खडा कारण कसा ठरावा? आणि ज्यांच्या घरात नीलम कधी आलाच नाही, त्यांचे सगळे संसार सुखाचे झाले काय?

याहून गमतीची गोष्ट रसायनशास्त्र सांगते. माणिक आणि नीलम हे मुळात एकच खनिज. इंग्रजीत त्याला कोरंडम म्हणतात, आणि ते नाव आपल्याकडच्या कुरुविंद या शब्दाशी नाते सांगते. शुद्ध असेल तेव्हा हा दगड रंगहीन असतो. त्यात क्रोमियमचा अंश मिसळला की माणिक, लोखंड आणि टायटॅनियमचा अंश मिसळला की नीलम. एक सूर्याचे रत्न, दुसरे शनीचे. पुराणात हे पिता-पुत्र, ज्योतिषात एकमेकांचे वैरी, आणि खाणीत सख्खे भाऊ! ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडेल.

तिसरे सराफाचे. दागिन्याच्या व्यवहारात सत्य हाही धर्मच आहे. बाजारात येणारे बहुतेक नीलम रंग खुलावा म्हणून तापवलेले असतात. तापवलेला खडा खोटा नव्हे, पण विकणाऱ्याने तसे सांगितले पाहिजे. १९०२ साली वेर्नॉय नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने माणिक कृत्रिम रीतीने करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे नीलमही तसा होऊ लागला. तो दिसतो खऱ्यासारखाच, किंमत मात्र पुष्कळ कमी. काश्मिरात पाडरच्या डोंगरात १८८० च्या सुमारास उत्तम नीलम सापडला, पण ती खाण थोड्याच वर्षांत ओसरली. तेव्हा कोणी स्वस्तात "काश्मिरी" म्हणून दाखवू लागला तर दोन पावले मागे सरावे. प्रयोगशाळेचा दाखला मागावा. आणि आपण कृत्रिम खडा घेतला तर पत्नीस तसे सांगून द्यावा. लग्नाची ४५ वर्षे साजरी करायची आणि आरंभच लपवाछपवीने करायचा, हे शोभत नाही.

तिघांचे झाले. आता खरा प्रश्न देणाऱ्याचा. त्या गृहस्थांना आम्ही विचारले, "अंगठीच का?" बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "मुलाच्या फीसाठी तिच्या पाटल्या मोडल्या होत्या. करून देईन म्हणालो होतो. राहून गेले."

येथे शास्त्राचा एक भेद उपयोगी पडतो. ज्याच्यावर आपली मालकी आहे ते सोडून दुसऱ्याची मालकी निर्माण करणे, याला दान म्हणतात. दुसऱ्याचे घेतलेले परत करणे हे दान नव्हे, ती ऋणाची फेड. सावकाराचे पैसे फेडून आपण दानशूर झालो असे कोणी म्हणत नाही. मग पत्नीच्या मोडलेल्या पाटल्यांच्या जागी अंगठी देताना तिला "भेट" म्हणून मिरवायचे कसे? ऋण भेटीच्या वेष्टनात गुंडाळले की घेणारीला आभार मानावे लागतात, आणि मागण्याचा तिचा हक्क मुकाट्याने बुडतो. म्हणून आधी फेड करावी, तिला फेडच म्हणावे, आणि मग उरेल त्यातून हौस करावी. फेडीनंतर गाठीशी काही उरले नाही, तर "तुझे होते ते तुला दिले" एवढे सरळ वाक्यही काही कमी नाही. कित्येक बायका जन्मभर त्या वाक्याची वाट पाहतात.

स्मृतिकारांनी स्त्रीधनाचे प्रकार सांगितले, त्यांत प्रीतीने दिलेले धनही धरले आहे. त्यावर पतीचा हात केव्हा पडावा? याज्ञवल्क्यांनी दुष्काळ, धर्मकार्य, व्याधी आणि अटक असे प्रसंग मोजून सांगितले. एरवी नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तर हिंदू स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकीण केले. तेव्हा अंगठी दिली म्हणजे दिली. तिने ती घालावी, डब्यात ठेवावी, नातीला द्यावी, की मोडून पंढरीला अन्नदान करावे, हे तिचे ती ठरवील. "मी एवढी दिली आणि तू घालत नाहीस" असे जो म्हणतो, त्याने अंगठी दिलेली नाही, नुसती ठेवायला दिली आहे.

यावर पूर्वपक्ष उभा राहील. कोणी माळकरी म्हणेल, "बुवा, आपल्याला तुळशीची माळ पुरे, नीलम हवा कशाला? नामदेवरायांनी परीस चंद्रभागेत टाकला ना?" होय, टाकला. पण महिपतींच्या भक्तविजयातील ती कथा पुरती सांगावी. घरात दाणा नव्हता, म्हणून राजाईने परिसा भागवताच्या पत्नीकडून परीस आणला होता. राजाईची गरज खोटी नव्हती. नामदेवरायांनी परीस टाकला तेव्हा घरचे दारिद्र्य दोघांचे होते. त्यांनी स्वतःला वेगळे काढून राजाईला वैराग्य शिकवले नाही. आपल्याकडे मात्र स्वतःच्या मोटारसायकलीपुरते वैराग्य आठवत नाही, ते पत्नीच्या दागिन्यापाशी आल्यावरच नेमके जागे होते. अशा वैराग्याला आमच्या गावी चिक्कूपणा म्हणतात. वैराग्य सोडायचे ते आपल्या वाट्यातून. दुसऱ्याच्या वाट्यातून सोडले तर ते हिरावून घेणे झाले.

तात्पर्य काय? नीलम घेऊ नये असे आम्ही सांगत नाही, घ्यावा असेही सांगत नाही. वेदान्तात स्फटिक आणि जास्वंदीचा दृष्टांत आहे. स्फटिकाला स्वतःचा रंग नसतो; जवळ जास्वंद ठेवली की तो लाल दिसतो. कुरुविंदाचेही तसेच आपण पाहिले. मूळ दगड रंगहीन, आत जे मिसळेल तसा त्याचा रंग. भेटीची गोष्ट याहून निराळी नाही. वस्तू रंगहीन असते. तीत लोकांना दाखवण्याची हाव मिसळली तर ती जाहिरात होते. भय मिसळले तर तोडगा होते. जुने देणे लपवले तर ती लबाडी होते. आणि समोरच्या माणसाकडे नीट पाहून, त्याला विचारून, मागे हात न ठेवता दिली, तरच तिला प्रीतीचा रंग चढतो. स्फटिकाजवळची जास्वंद बाजूला करता येते. नीलमातला रंग मात्र दगडाच्या अंगात असतो. देतानाचा भावही असाच वस्तूत उतरून बसतो, आणि घेणारीला तो बरोबर कळतो. त्याला प्रयोगशाळेचा दाखला लागत नाही.

म्हणून सराफाच्या पायऱ्या चढण्यापूर्वी गृहस्थाने तीन गोष्टी कराव्यात. पत्नीचे काही देणे आहे का, ते आठवावे. कर्ज न काढता काय जमते, ते पाहावे. आणि तिलाच विचारावे. ती नीलम म्हणाली तर बिनदिक्कत घ्यावा. नीलम कठीण असतो, हिऱ्याच्या खालोखाल, रोजच्या कामात सहसा चरा पडत नाही. बसका, बंद कोंदणात बसवून घ्यावा, म्हणजे पीठ मळताना अडकायचा नाही. ती पाटल्या म्हणाली तर पाटल्या कराव्यात. आणि "मला काही नको, यंदा वारीला बरोबर न्या" असे म्हणाली, तर ते परवडण्यासारखे आहे म्हणून आनंदू नये. इतकी वर्षे का नेले नाही, हे आधी स्वतःला विचारावे.

विवाहात सात पावले चालवतात. पहिली अन्न, बळ, धन अशा गोष्टींसाठी आहेत, आणि सातवे सख्यासाठी. धनाचे पाऊल मध्येच येऊन जाते, शेवटी उरायचे ते सख्य. सख्याला न विचारता सख्याची भेट ठरवता येत नाही, एवढे ज्याला उमगले त्याला लग्नाच्या कोणत्या वर्षी काय द्यावे, हे यादीत पाहावे लागणार नाही.

राम कृष्ण हरि.